नाकांची भिंत

२ फेब्रुवारी, रविवार

पडलं. हेही पडलं!

वारा नव्हता, आकाश स्वच्छ. विमानाच्या पोटातल्या फॅनचा आवाज असा सुरेख की मैदानावरची माणसं खुर्च्यांवरून उठून बघायला आली. मी फेकलं — पंख समांतर, नाक किंचित वर, जसं फेकायचं तसं. दोन चकरा देखण्या झाल्या. तिसरीत पार लांबच्या टोकाला वळताना एकदम पाठीवर गेलं आणि तसंच खाली. आवाजसुद्धा फार झाला नाही. फोमचं विमान मोठ्याने मरत नाही.

मग पोस्टमॉर्टेम. आमच्या मैदानावर ही रीत कुणी काढली देव जाणे. तुकडे टेबलावर मांडायचे, सगळ्यांनी भोवती उभं राहायचं. पहिल्यांदा बोलायचं ते उडवणाऱ्याने, कारण रिमोट त्याच्या हातात होता. बनवणाऱ्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कारण ठरलं की विमानाचं नाक कापून शेडच्या भिंतीवर टांगायचं. उडवणारा चुकला असेल तर खाली त्याचं नाव, बनावटीत खोट असेल तर बनवणाऱ्याचं. गंमत म्हणून सुरू झालं म्हणे. ज्याचं नाव लागतं त्याला विचारा गंमत!

धाकटा म्हणाला, "उजव्या पंखाची वळवायची पट्टी अडकली. मी ओढतोय, ओढतोय, ऐकतच नव्हतं." माझ्याकडे बघितलं नाही. सख्खा भाऊ.

दातवाल्याने लगेच मान डोलावली. हा माणूस दिवसा लोकांचे दात काढतो आणि रविवारी पेटीतून तयार विमान काढतो. फोमला सुरी लावलेली नाही कधी. मला म्हणतो, "दादा, मोटरी जरा चांगल्यातल्या घेत चला."

तिसरं नाक. तिन्हींच्या खाली खडूने एकच शब्द — दादा.

३ फेब्रुवारी

पंखाच्या पट्ट्या हलवणाऱ्या चारही बारक्या मोटरी टेबलावर जोडून बघितल्या. चारही चालतात. उजवी पट्टी बोटाने हलवली, कुठेही अडकत नाही.

मग काय अडकलं होतं?

५ फेब्रुवारी

दुकानात कामात लक्ष नव्हतं. एका गाडीची मागची सीट उलटी शिवली. उसवून पुन्हा शिवली.

दिवसभर मी गाड्यांच्या सीटांचा फोम कापतो, घरी येऊन विमानांचा. जात वेगळी, सुरी तीच. बाजारात मिळणारं जेट मी जसंच्या तसं कधी ठेवलं नाही. धड मधून चिरायचं, मोठा फॅन बसवायचा, त्याला हवा पुरत नाही म्हणून पोटाला भोकं पाडायची, पंखात कार्बनची कांडी घालायची, नाक लांबवायचं. मग पंखांखाली दोन बोटं धरून तोल बघायचा. बोटांवर विमान स्थिर राहिलं की जे वाटतं ते दुसऱ्या कशात वाटत नाही. ही असताना म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं बघितलंत का?"

उडवणं मात्र माझ्या हातचं नाही. करून बघितलंय. आपणच घासूनपुसून केलेली वस्तू हवेत गेली की मी तिच्याकडे बघतच बसतो आणि अंगठे चालवायचे राहून जातात. धाकट्याचं तसं नाही. शहरातली बस चालवतो तो, गर्दीतून, वर्षानुवर्षं. त्याचा हात कधी हलत नाही. म्हणून वाटणी ठरलेली — मी करायचं, मी फेकायचं, त्याने उडवायचं. टाळ्या त्याच्या. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. खरंच नव्हती. पण पडलं की खापर माझ्या डोक्यावर, हे वाटणीत ठरलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

भावजय वरून डबा घेऊन आली. जिना उतरताना तिचा चेहराच सांगतो काहीतरी निरोप आहे. "भाऊजी, हे म्हणतायत, नवीन करताय त्याचं पोट पार काळं करा. आणि पंखांवर पट्टे रुंद. केशरी."

स्वतः का नाही आला? एक मजला उतरायला काय झालं? आणि मागच्या वेळी निळे पट्टे सांगितले होते, त्याच्या मागच्या वेळी पिवळे. म्हणजे आता मला रंगही देता येत नाहीत!

तिला म्हटलं, "सांग त्याला, हत्तीएवढे पट्टे देतो."

ती हसली नाही. डबा ठेवून गेली.

९ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर गेलो. जायला नको होतं.

भिंतीकडे न बघायचं ठरवून गेलो आणि गेल्या गेल्या तिकडेच बघितलं. कुणीतरी तिसऱ्या नाकावर पट्टी चिकटवलीय, जखमेला लावतात तसली. सगळे खो खो हसत होते. मीही हसलो. दुसरं काय करणार!

मग मैदानावरचा तो जाड चष्मेवाला मला बाजूला घेऊन गेला. दिवाळं निघाल्यासारखा चेहरा. महिन्यापूर्वी याच माणसाने माझ्यामागे लकडा लावला होता — दादा, तुमच्या हातचं एक जेट पाहिजे, कितीही वेळ लागू दे. आज म्हणतो, "दादा, राहू द्या तूर्तास. घरी जागा नाही ठेवायला."

दातवाल्याकडून तयार पेटी मागवलीय त्याने. त्या पेटीला मात्र जागा आहे.

धाकटा चार पावलांवर उभा होता. ऐकलं त्याने. बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला.

१३ फेब्रुवारी

आज मी गोंद चुकलो.

साधा झटपट गोंद फोमला खातो. शेंबडं पोरही सांगेल. त्यासाठी फोमचा वेगळा गोंद असतो, बाटली दिसायला तशीच. आयुष्यभर दोन बाटल्या दोन फळ्यांवर ठेवल्या मी. आज पंख धडाला जोडताना हातात साधी बाटली. चर्र झालं आणि बघता बघता पंखाचं मूळ विरघळलं. बोट जाईल एवढा खड्डा!

नवशिक्यालासुद्धा लाज वाटेल अशी चूक. पंख हातात घेऊन बसून राहिलो. मनात आलं, मग धाकटा खरंच बोलत असेल? हात गेला असेल माझा? आपला हात गेला हे आपल्याला कसं कळणार — बाकीच्यांनाच कळतं. तीन नाकं टांगलीत, तीन वेळा का सगळे चुकतील?

पंख फेकून दिला. दुसरा कापायला घेतला.

१४ फेब्रुवारी

कापताना रेघ सोडून सुरी गेली नाही. एकदाही नाही.

२० फेब्रुवारी

दुसरा पंख झाला. पहिल्यापेक्षा चांगला. हे फक्त इथेच लिहितो.

२३ फेब्रुवारी, रविवार

चष्मेवाल्याने फोनवर व्हिडिओ पाठवला. विमान पडलं त्या दिवशी त्याच्या बायकोने काढला होता. खाली लिहिलंय, 'आठवण म्हणून.' जखमेवर मीठ चोळायची ही नवी पद्धत.

पण बघितला. परत बघितला. मग आवाज बंद करून, हळू करून बघितला.

लांबच्या टोकाला विमान डावीकडे कलतं. वळायला कलावंच लागतं. आता सरळ करायचं म्हणजे उजवीकडे द्यायला हवं. पण ते आणखी डावीकडे जातं. आणखी डावीकडे, पार पाठीवर. आणि मग एकदम झटक्यात उजवीकडे! अडकलेल्या पट्टीने असं होईल? पट्टी अडकली तर विमान एकाच बाजूला गरगरत खाली येतं. हे तर दोन्ही बाजूंना वळलं. शेवटपर्यंत. सांगितलं तसं.

म्हणजे विमान ऐकत होतं. सांगणाराच उलटं सांगत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला रिमोट हातात धरायला मी शिकवलं. उलटसुलट झालं असेल तर सांग ना बाबा — चुकलो म्हण! माझं नाव खडूने लिहिलं जात होतं तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होती?

तरी एक कळत नाही. एकदा चुकेल. तीनदा कसा चुकेल? डाव्या-उजव्यात चुकणारा माणूस नाही तो.

२ मार्च, रविवार

नवं जेट तयार. काळं पोट, केशरी पट्टे, हत्तीएवढे.

आमच्यात एक पद्धत आहे. रंग नवे असले की उडवायच्या आधी एकाने विमान हातात घेऊन लांब जायचं, वेगवेगळं तिरपं धरायचं, आणि उडवणाऱ्याने दुरून ओळखून सांगायचं. पोट दिसतंय की पाठ, नाक इकडे की शेपूट. म्हणजे हवेत घोटाळा होत नाही.

आम्ही घरामागच्या गल्लीत केलं. तो गच्चीवर, मी गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी. कानाला फोन.

नाक त्याच्याकडे धरलं. "शेपूट," म्हणाला.

पोट दाखवलं. थांबला. "पाठ... नाही, पोट. ऊन येतंय डोळ्यावर."

ऊन त्याच्या पाठीमागे होतं.

डावा पंख खाली केला. "उजवा." उजवा केला. "उजवा." असं म्हणताना आवाजात काही नाही, अगदी नेहमीसारखा. मला काय सुचलं कुणास ठाऊक. विमान टाकीच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलं. रिकामे हात वर केले आणि विचारलं, "आता? आता दिसतंय नीट?"

"हां. आता मस्त दिसतंय, दादा. पट्टे झकास दिलेस."

मी हात तसेच वर धरून उभा राहिलो. एक बाई पिशवी घेऊन जात होती, थांबून बघायला लागली.

३ मार्च

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. खरं काय वाटलं ते लिहितो, इथे कुणाला दाखवायचंय? वाटलं — सुटलो! माझा हात गेलेला नाही. तीनही नाकं त्याची आहेत.

हे पहिलं वाटलं. भाऊ आंधळा होतोय, हे नंतर. आणि बस? बस तर आज दुपारी आठवली, दुकानासमोरून गेली तेव्हा. त्याची नव्हती, दुसऱ्या कुणाची. खिडक्यांमध्ये माणसं बसलेली. माझ्या हातातली सुई थांबली.

५ मार्च

वर गेलो. भावजयीला म्हटलं, जरा बाहेर जाऊन ये. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चपला घातल्या आणि गेली. तिला माहीत आहे. तिला पहिल्यापासून माहीत आहे!

त्याने नाकारलं नाही. बरं वाटलं म्हणायचं. म्हणाला, "बरोबर मधोमध धूसर होतं. कडेचं दिसतं. कडेकडेने सगळं दिसतं, दादा. रस्ता तर माझ्या पायाला पाठ आहे."

"आणि डेपोतली डोळ्यांची तपासणी?"

"पाटीवरची अक्षरंही पाठ आहेत."

मी म्हटलं, "उद्या कुणी आडवं आलं तर त्याला म्हण, तू माझ्या पाठांतरात नव्हतास."

मग असं बोलला की कानशिलात मारल्यासारखं झालं. "तुझं नाव भिंतीवर लागलं तर काय जातं तुझं? चार लोक हसतात. माझी तर नोकरी जाते. मी म्हटलं असतं मला दिसलं नाही, तर त्या दातवाल्या डॉक्टरने तिथेच डोळ्यात बॅटरी मारली असती. डेपोतले दोघं येतात मैदानावर. म्हणून तुझं सांगितलं. तू घरचा."

घरचा! म्हणजे घरातलं पायपुसणं.

माझं काय जातं? मला तेवढ्याच गोष्टीत माणसं मान देतात. बाकी मी सीटा शिवणारा म्हातारा. हे त्याला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. दार आपटून खाली आलो.

९ मार्च, रविवार

मैदानावर गेलो नाही. तोही नाही. जेट टेबलावर आहे. त्याच्यावर फडकं टाकलंय.

१२ मार्च

भावजय डबा देताना म्हणाली, "ह्यांच्या बसचा आरसा फुटला काल. कुणीतरी घासून गेला." खाली बघत म्हणाली.

कोण कुणाला घासून गेलं ते मला विचार!

१३ मार्च

वर जाऊन उभ्या उभ्या सांगितलं. बसायला सांगत होता, बसलो नाही. "रविवारी मैदानावर ये. टेबलापाशी सगळ्यांसमोर सांग, तिन्ही विमानं तुझ्या डोळ्यांनी पडली. डेपोतले असतील, त्यांनाही ऐकू दे. एका दगडात दोन्ही कामं होतील. नाही आलास तर सोमवारी मी डेपोत जातो."

भावजय मोरीतून म्हणाली, "भाऊजी, आधी डेपो म्हणाला असतात तर बरं वाटलं असतं."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण खाली येऊन तेच डोक्यात. मी आधी टेबल का म्हणालो? बसमधली माणसं मनात दुसऱ्या नंबरावर का आली?

१५ मार्च, शनिवार

वर हालचाल नाही. डबा आला नाही. राग धरलाय. धरा!

१६ मार्च, रविवार

लवकर गेलो. जेट घेऊन गेलो, फडक्यासकट. टेबलापाशी उभा राहिलो. दातवाला म्हणाला, "काय दादा, आज पायलट कुठे?" म्हटलं, येतोय.

विमानं उडत राहिली. चष्मेवाल्याची नवी पेटी उडाली, बरी उडाली. डेपोतले दोघं पत्ते कुटत बसले होते, माझ्याकडे बघून एकमेकांशी काहीतरी कुजबुजले. तेही हसत असणार. दुपारपर्यंत उभा होतो. पाय भरून आले.

आला नाही.

पळपुटा! लहानपणी काच फोडून पळायचा आणि मार मी खायचो. पन्नाशी उलटली तरी तेच. त्याला वाटतं दादा बोलतो, करत नाही. बघू. उद्या दुकान बंद ठेवतो. उद्या डेपो.

१७ मार्च, सोमवार

सकाळी जिन्यावर त्याचे बूट वाजले. म्हणजे गेला ड्युटीवर! त्या आवाजाने माझा उरलासुरला विचारही संपला. मी इस्त्रीचा शर्ट घालून डेपोत गेलो. साहेबांना म्हटलं, एका ड्रायव्हरबद्दल सांगायचंय. माझाच भाऊ आहे, त्याला दिसत नाही, त्याला गाडी देऊ नका. एका दमात सांगितलं. वाटेत घोकलं होतं.

साहेब म्हणाले, "तो शनिवारीच येऊन सांगून गेला. आपणहून. आज डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलाय त्याला." मग माझ्याकडे नीट बघून, "विमानं बनवता ते तुम्हीच का? सांगत होता — माझ्या दादाच्या विमानात कधी खोट नव्हती, तिन्ही मीच पाडली. दोन-तीनदा सांगितलं. आता विमानांचा इथे काय संबंध, ते मला काही कळलं नाही. शेवटी म्हटलं बरं, तेही लिहून घेतो."

मला खुर्ची दिली.

"भावाची काळजी वाटली म्हणून आलात, होय ना?"

हो म्हणालो.

त्यांनी चहा मागवला. तो पिऊन घरी आलो.